तोंडात बसलेली चाल

मागच्या मंगळवारी सकाळी डबे भरताना मी काहीतरी गुणगुणत होते. कोथिंबीर चिरत, मधेच कुकरच्या शिट्ट्या मोजत, आपलं असंच बेसावध. नवरा आंघोळ करून आला, टॉवेल खांद्यावर, आणि ओट्यापाशी थांबून म्हणाला, "हे काय म्हणतीयेस तू?" मी म्हटलं काय म्हणतीये, आणि मग मी काय म्हणत होते ते माझं मलाच ऐकू आलं. शब्द नव्हते तोंडात, नुसती चाल. पण शब्द मला माहिती होते. त्या शब्दांत कुणाला तरी गल्लीतून हाकलायचं होतं, घरातून ओढून बाहेर काढायचं होतं, आणि त्या सगळ्याला डीजेचा ठेका होता, असा की पाय आपोआप हलावा. मी सुरी खाली ठेवली. नवरा काही बोलला नाही, पण डबा घेताना माझ्याकडे एकदा बघितलं त्यानं आणि ते बघणं दिवसभर टोचत राहिलं मला.

गाणं आलं नाशिकहून. दिवाळीत चार दिवस ताईकडे होते, तिथं माझा भाचा चिनू, नववीतला, नुकती मिसरूड फुटलेला, दिवाणावर पालथा पडून रील्स बघत असायचा. आत ताई चकल्या तळतीये, तेलाचा आणि भाजणीचा वास घरभर, बाहेर कुणीतरी दुपारीच लवंगी लावतंय, आणि ह्या सगळ्यात दर पाच-दहा मिनिटांनी तोच तो ठेका. पहिल्या दिवशी मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी शब्द कानात शिरले तेव्हा दचकून म्हटलं, अरे चिनू, हे काय ऐकतोयस, कळतंय का तुला ते काय म्हणतायत? तर मान वर न करता म्हणतो, "अगं मावशी, शब्द कोण ऐकतं, बीट बघ ना काय आहे." आणि हा तोच मुलगा आहे हं, ज्यानं गेल्या थंडीत बिल्डिंगखालच्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा स्वतःचा स्वेटर नेऊन टाकला होता आणि ताईच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

खरंच ऐकत नसेल तो शब्द. मीही नव्हते ऐकत. तरी बसलंच ना.

संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून अर्धा तास त्याचाच फोन बघितला, म्हटलं दाखव तरी तुझ्या जगात काय चाललंय. आधी क्रिकेट. मग जिमवाले, दंड दाखवत प्रोटीन विकणारे. मग गडांवरचे सूर्योदय, ते बघून तर मलाच बरं वाटलं, धुक्यातला राजगड, खाली ढगांचं दूध सांडलेलं. मग तसल्याच एका गडाच्या फोटोवर मोठ्या आवाजातलं भाषण. मग काळ्या चष्म्यातला एकजण, "अजून झोपलाच आहात का" म्हणून विचारणारा. मग ते गाणं. परत क्रिकेट. पानात लोणचं वाढावं तसं जरा जरा, कुठंही घास अडकू नये असं. चिनूनं ह्यातलं काहीही शोधलेलं नव्हतं, ते आपसूक वाढलं जात होतं. आणि मी शहाणीनं काय केलं, तर रात्री माझ्या फोनवर ते गाणं मुद्दाम शोधलं, नेमके शब्द काय आहेत ते बघायला. फोनला वाटलं बाईंना आवडलं. आता माझ्याकडेही येतं ते, पोळ्यांचे व्हिडिओ आणि कांजीवरमच्या सेल ह्यांच्या मधे.

नंतर आठवलं, फेसबुकच्याच एका संशोधकानं फेब्रुवारी २०१९मध्ये असला प्रयोग केला होता. भारतातला एक साधा वापरणारा असल्याचं खातं उघडलं आणि एकच नियम पाळला, समोर जे सुचवलं जाईल ते बघत जायचं. तीन आठवड्यांत खात्याचा उकिरडा झाला, द्वेष, खोट्या बातम्या, मारामाऱ्या, आणि त्यानं कंपनीच्या आतल्या कागदांत लिहून ठेवलं की आख्ख्या आयुष्यात बघितली नसतील इतकी मेलेल्या माणसांची चित्रं ह्या तीन आठवड्यांत बघितली. त्या दिवसांत पुलवामा घडलं होतं हे खरं, पण तरीही. हे कागद बाहेर आले २०२१मध्ये. तोवर आपण सगळे तेच करत होतो की, समोर येईल ते बघत जाणं.

"बीट बघ ना" ह्या वाक्यावरून मात्र मला ख्राइस्टचर्च आठवलं आणि पोटात गोळा आला. १५ मार्च २०१९, न्यूझीलंडमधल्या दोन मशिदींत एका माणसानं ५१ जणांना मारलं आणि ते मारणं कपाळावरच्या कॅमेऱ्यातून फेसबुकवर लाइव्ह दाखवलं. जवळजवळ सतरा मिनिटं. मी तो व्हिडिओ बघितलेला नाही, बघणारही नाही, पण त्याबद्दल वाचलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मशिदीकडे जाताना त्यानं गाडीत एक गाणं लावलं होतं. नव्वदच्या दशकात बोस्नियात युद्ध चालू असताना सर्ब सैनिकांसाठी केलेलं प्रचारगीत. ज्या लोकांविरुद्ध ते होतं, त्यांत बोस्नियातले मुसलमान आलेच, त्यांच्या सामूहिक कबरी नंतर सापडल्या, आणि गाणं मात्र पुढं इंटरनेटवर वर्षानुवर्षं जोक म्हणून फिरत राहिलं, ॲकॉर्डियन वाजवणारा तो माणूस, त्याचा मख्ख चेहरा, पोरं हसायची, रीमिक्स करायची. शब्द कोण ऐकतं. आणि मग एकानं ऐकले. फेसबुकनं पहिल्या चोवीस तासांत त्या व्हिडिओच्या पंधरा लाख नकला काढल्या, त्यातल्या बारा लाख चढवतानाच अडवल्या. म्हणजे उरलेल्या तीन लाख आधी चढल्या आणि मग काढल्या. आकडा सोडा, मला प्रश्न पडतो की चढवणारे कोण होते. ते सगळेच काही खुनी नसणार. कुणी "बघा काय झालंय" म्हणून, कुणी थरार म्हणून, कुणी नुसतं आपल्या ग्रुपवर आपण पहिले असावं म्हणून.

हे मी फार वरच्या पट्टीत बोलतीये असं वाटत असेल तर थांबा, माझंही ऐका.

जून २०१८. मुलं पळवणारी टोळी आलीये, असा मेसेज तेव्हा सगळीकडे फिरत होता, तुम्हालाही आला असेलच. सोबत एक व्हिडिओ, रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळतायत आणि बाइकवरचे दोघं त्यातलं एक पोर उचलून नेतात. मी तो बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "खात्री नाही, पण काळजी घेतलेली बरी." मला अजून आठवतं की ते लिहिताना मला छान वाटलं होतं. जबाबदार वाटलं होतं. सात-आठ जणींनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. तो व्हिडिओ कराचीतला होता हे नंतर कळलं. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच कुणीतरी केलेली जाहिरात ती, त्यात शेवटी ते बाइकवाले पोराला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात की मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. कुणीतरी शेवट कापला होता. बस, एवढंच केलं होतं, शेवट कापला.

१ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. रविवार. पाच माणसं गावात आली, भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, तिकडून खाली मंगळवेढ्याच्या बाजूची. पोरं पळवणारे आले असा ओरडा झाला. बाजारातल्या गर्दीनं त्यांना मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथंही मारत राहिले. पाचही गेले. त्याचेही व्हिडिओ निघाले, आणि तेही फिरले.

माझा मेसेज काही पुण्यातल्या बिल्डिंगमधून राईनपाड्याला गेला नसेल, हे मला कळतं. पण तो जिथून निघाला आणि जिथं पोचला त्या वाटेवर कुठंतरी माझंही घर होतं. आणि ती वाट काळजीची होती, ह्याचं मला जास्त वाईट वाटतं. मी कुणाचा द्वेष करून तो पाठवला असता तर निदान स्वतःवर नीट रागवता आलं असतं.

मंगळवेढा म्हणजे माझ्या आजोळाशेजारचा तालुका. आजोळ सांगोल्याकडचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही अंगणात झोपायचो आणि कधीकधी सकाळी जाग यायची ती डौराच्या आवाजानं. डौर म्हणजे डमरूचा थोरला भाऊ म्हणा ना, काठीनं वाजवायचा, त्याचा आवाज कानात नाही, छातीत ऐकू यायचा. दारात डवरी उभा असायचा, गळ्यात शिंगी, झोळी, भैरवनाथाचं गाणं चाललेलं. आजी घाई करायची नाही. गाणं पुरं होऊ द्यायची, मग सुपातून जोंधळे आणायची, आणि तो आम्हा पोरांकडे बघून काहीबाही आशीर्वाद द्यायचा, लहानाच्या डोक्यावर हात ठेवायचा. परका माणूस, पोराच्या डोक्यावर हात! आणि कुणाला काही वाटायचं नाही. आता हे लिहिताना कळतंय की तोच हात आज कुणी मोबाइलवर टिपला आणि पुढचं-मागचं कापलं, तर तो कसा दिसेल. (उगाच गावाचं गुणगान नको, त्याच आजीच्या ओट्यावर कुणी चढायचं आणि कुणी नाही ह्याचे नियम होतेच. डवरी अंगणापर्यंतच.)

म्हणजे मेले ते गाणं म्हणत दारोदार फिरणाऱ्यांतले होते.

लोक म्हणतात हे सगळं आत्ता आत्ता सुरू झालं, रील्स आल्यापासून. मला तसं वाटत नाही. २०१४ला आम्ही डोंबिवलीत राहायचो. त्या वर्षी मे महिन्यात कल्याणचे चार तरुण इराकच्या यात्रेला म्हणून गेले आणि बगदादमधून परस्पर मोसुलच्या बाजूला सटकले, आयसिसमध्ये. शिकलेली पोरं, इंजिनिअरिंगची वगैरे. आमच्या सकाळच्या लेडीज डब्यात महिनाभर तोच विषय. भाजी निवडता निवडता बायका म्हणायच्या, "त्यांच्यात असतंच ते." आणि बरोबर त्याच दिवसांत, म्हणजे पोरं गेली त्याला दहाएक दिवसही झाले नसतील, २ जूनला पुण्यात हडपसरला एक आयटीतला मुलगा, मूळचा सोलापूरचा, रात्री नमाजहून घरी जाताना रस्त्यात मारला गेला. कुणीतरी फेसबुकवर शिवाजी महाराजांची आणि बाळासाहेबांची विटंबना करणारी चित्रं टाकली होती म्हणून. त्याचा त्या चित्रांशी काडीचा संबंध नव्हता. दाढी होती, टोपी होती, तेवढं पुरलं. २०२३मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. तर त्या हडपसरच्या बातमीवर डब्यात काय चर्चा झाली हे मी खूप आठवून बघितलं. काहीच आठवत नाही. झालीच नसावी. मीही काढला नव्हता विषय, मीही भाजीच निवडत होते.

कल्याणच्या पोरांना तरी काय दाखवून ओढलं असेल? पहिल्याच दिवशी कुणी गळे कापायला बोलवत नाही. आयसिसचा प्रचार ज्यांनी अभ्यासलाय ते सांगतात की सुरुवात सीरियातल्या जखमी लेकरांपासून व्हायची, ढिगाऱ्याखालून काढलेली, धुळीनं माखलेली पोरं, आणि तू इथं एसीत बसून काय करतोयस हा सवाल. परत काळजीच. चारांतला एक जण नोव्हेंबरात परत आला आणि पकडला गेला. तिथं त्याला पाणी भरायला, संडास धुवायला लावलं, असं त्यानं चौकशीत सांगितल्याच्या बातम्या आल्या आणि डबा खूप हसला.

तेव्हाची माझी ऑफिसातली मैत्रीण, मुंब्र्याची, तिचा धाकटा भाऊ बारावीत होता. ती सांगायची, अम्मी रोज रात्री तो झोपला की त्याचा फोन उघडून बघते. पासवर्ड बदलला की घरात महाभारत. मी म्हटलं, एवढा विश्वास नाही का? तर ती म्हणाली, विश्वास आहे गं, पण अम्मीला दोन भीत्या आहेत. एक, ह्याला कुणी काही दाखवेल. आणि दुसरी, ह्यानं काहीच बघितलेलं नसेल आणि तरी कुणीतरी ह्याला उचलून नेईल. माझ्या ताईला चिनूबद्दल एकच भीती आहे, दहावीचे मार्क. हा फरक मला तेव्हा नीट कळला नव्हता.

ह्यावर उपाय म्हणून काय काय चालतं तेही मी मधल्या काळात बरंच वाचत बसले, अपराधी वाटलं की माणूस वाचतो. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपनं पेपरात पानभर जाहिराती दिल्या, खोटी माहिती कशी ओळखावी म्हणून. मेसेजवर "फॉरवर्डेड" अशी चिठ्ठी यायला लागली, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि २०२०मध्ये फार फिरलेला मेसेज एकाच ठिकाणी. ह्यानं फरक पडला असं कंपनी म्हणते आणि पडलाही असेल. पण माझ्या मावससासूबाई एकाच ठिकाणी पाठवायचा तो मेसेज चौदा वेळा एकेका ठिकाणी पाठवतात, त्यांना वेळ आहे. मोठ्या कंपन्या एकमेकींना हिंसक व्हिडिओंचे डिजिटल ठसे देतात, म्हणजे एकीनं पकडला की दुसरीकडे चढू नये. चांगलंच आहे, पण गाण्याचा वेग जरा वाढवला, चित्र उलटं केलं की ठसा चुकवता येतो, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहितीये. आणि अगदीच हाताबाहेर गेलं की सरकार इंटरनेट बंद करतं. जून २०२३मध्ये कोणाच्या तरी स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं तेव्हा केलं होतं. माझं सासर तिथलं. सासूबाई लँडलाइनवरून म्हणाल्या, "बाहेर काय चाललंय कळंना झालंय, पण घरात लई शांत वाटाय लागलंय बघ."

ह्या सगळ्यात त्रिपुरातली एक गोष्ट वाचून मी लॅपटॉप मिटून ठेवला होता. तोच २०१८चा जून, तीच मुलं पळवणाऱ्यांची अफवा. तिथल्या सरकारनं एका माणसाला गाडी आणि लाउडस्पीकर देऊन गावोगाव पाठवलं, अफवांवर विश्वास ठेवू नका असं सांगायला. जमावानं त्यालाच पोरं पळवणारा समजून ठार मारलं. २८ जून, राईनपाड्याच्या तीन दिवस आधी. लाउडस्पीकर घेऊन आलेला परका माणूस खरं बोलत असला तरी परकाच.

म्हणून मला तेलंगणातलं जास्त पटतं. गदवालच्या तेव्हाच्या पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी, त्यांनी त्याच अफवांच्या काळात हवालदारांना एकेक गाव वाटून दिलं, जा आणि लोकांशी बोला, तोंडओळख करा. दवंडी दिली. लोककलाकार घेतले, अफवांवर गाणी रचली, गावच्या बोलीत, गावच्या वाद्यांवर. तिथं कुणी मेलं नाही. गाण्याला गाणं! आपल्याकडे हे काही नवीन नाही खरंतर, गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यालाच प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे. जर्मनीत तर ह्याहून खट्याळ प्रकार झाला. २०११मध्ये गेरा शहरात निओ-नाझी पोरांचा संगीत महोत्सव होता, तिथं एक्झिट-डॉइचलँड नावाच्या संस्थेनं, जी असल्या टोळ्यांतून बाहेर पडायला मदत करते, नाव न सांगता अडीचशे टी-शर्ट फुकट वाटले. काळे, वर कवटी, झेंडे, पोरं खूश. घरी जाऊन धुतले तर वरचा रंग गेला आणि खालची अक्षरं दिसायला लागली, तुझ्या टी-शर्टला जमलं ते तुलाही जमेल, सुटायला आम्ही मदत करू. मला त्यातली आई दिसते, मशीनमधून ओला शर्ट काढून वाचत उभी. चिनूचे शर्टही ताईच धुते.

आणि मालेगाव. राईनपाड्याच्याच रात्री तिथंही पाच जणांना घेरलं होतं, त्यात दोन वर्षांचं लेकरू, परभणीकडची माणसं. तिथं वस्तीतल्याच एकानं त्यांना स्वतःच्या घरात घेऊन दार लावलं आणि पोलीस येईपर्यंत बाहेरच्या गर्दीला तोंड दिलं. पोलिसांची गाडीही उलथवली म्हणे. पण पाचही वाचले. तो त्या लोकांना ओळखत नव्हता. बाहेरच्या गर्दीला ओळखत होता, आणि मला वाटतं त्याचाच उपयोग झाला.

मी मालेगावच्या त्या माणसाच्या नखाचीही नाही. मी फक्त भाऊबीजेच्या दुपारी चिनूला म्हटलं, बीट भारी आहे मान्य, आता मला अर्थ सांग. मराठीत सांग. त्यानं हसत हसत सुरू केलं, दुसऱ्या ओळीला हसू गेलं. "ते लोक" असं म्हणाला. मी म्हटलं, ते म्हणजे कोण? तर म्हणे, ते... म्हणजे इथले नाही गं, जनरल. मी म्हटलं, अयानचे पप्पा येतील का जनरलमध्ये? अयान त्याच्या फुटबॉलच्या टीममधला, गोलकीपर, ईदला ह्याच्यासाठी वेगळा डबा पाठवतात ते लोक. चिनू म्हणाला, "मावशी, तू पण ना, सगळ्याचा विचका करतेस," आणि फोन उचलून गॅलरीत गेला. रात्रीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. ताईही म्हणाली, जाऊ दे ना, दिवाळीत कशाला. मला वाटलं चुकलंच आपलं, नको होतं अयानला मधे आणायला. अजूनही वाटतं.

परवा त्याचा मेसेज आला. "त्या गाण्याला नॉट इंटरेस्टेड केलंय. पण तरी येतं. मी काय करू." खाली एक वैतागलेला चेहरा. मी उत्तर लिहिलं आणि खोडलं, असं तीनदा झालं. शेवटी एक अंगठा पाठवला, मावश्या पाठवतात तसला.

त्या मंगळवारनंतर मी ओट्यापाशी दुसरं काहीतरी गुणगुणायचा प्रयत्न करतीये. डवऱ्याचं गाणं आठवून बघितलं. डौर आठवतो, छातीतला तो आवाज आठवतो, आजीचं सूप, जोंधळे झोळीत पडतानाची सळसळ. गाणं येत नाही. आणि हे दुसरं, जे मी आयुष्यात मोजून वीस-पंचवीस वेळा अर्धवट ऐकलं असेल, ते आख्खं येतं, कडव्यासकट.

काल आईला फोन केला. म्हटलं ते डवरी भैरवनाथाचं काय म्हणायचे गं? ती म्हणाली, "आता हे कुठून काढलंस मधेच?" पण मग तिनं म्हणायला घेतलं, बसक्या आवाजात, एक ओळ नीट आली, दुसरी अर्धी, मग अडकली. पुन्हा पहिल्यापासून धरली, पुन्हा तिथंच अडकली. "पुढं काय बाई ते... दारात आले की आपोआप यायचं तोंडात. आता येतात कुठं ते."